दंव पडल्यावर

मामा म्हणाला, अकरा वाजू देत.
तोवर करड नुसतं खरखरतंय.
दंव बसलं की आडवं होतंय,
मग बघ.

ओमाण्णा गावडे, हवालदार, निवृत्त.
डाव्या पायाची दोन बोटं
वरती कुठल्याशा चौकीवर बर्फात राहिली,
बाकीचा माणूस कणकुंबीपलीकडच्या वाडीत परत आला
आणि दोन वर्षं कुणाशी धड बोलला नाही.
मग एका पौषात त्यानं माणग्याचा बांबू उभा चिरला,
टोकं चुलीवर शेकून वाकवली,
जोखडाखाली आठवडाभर दाबून ठेवली,
आणि मामीनं टाचांच्या भेगांसाठी केलेलं
वर्षाचं भिरंडेल
सगळंच्या सगळं तळाला चोळून टाकलं.
मामी अजून त्याबद्दल बोलते.

आम्ही सड्यावर चढलो.
बॅटरीला तांबडं फडकं,
कारण पांढऱ्या उजेडात, मामा म्हणतो,
माणसाला फक्त उजेडच दिसतो.
मोबाईलनं आधी गोव्यात स्वागत केलं,
मग कर्नाटकात, मग परत गोव्यात.
मी तो बंद केला.
खाली रान.
जांभूळ, अंजन, हिरडा, ही दिवसाची नावं.
रात्री खाली एकच काहीतरी असतं
आणि त्याचं नाव सड्यावर कुणी घेत नाही.

आधी तो गेला.
सुपातून तांदूळ ओतावेत तसा आवाज,
लांबत गेला,
मग नाही.
मग खालून एक शीळ: ये.

सायकलच्या ट्यूबनं माझे बूट पट्ट्यांना आवळलेले.
मी बेळगावात फौंड्रीच्या ऑफिसात हिशेब लिहिते,
माझ्या गुडघ्यांना हे ठाऊक नव्हतं.
पायाकडं बघायचं नाही, त्यानं सांगितलं होतं,
जायचंय तिकडं बघायचं.
तिकडं काहीच दिसत नाही, मामा.
तरी तिकडंच.

आणि उतार माझ्याखालून निघून गेला.
कानांत गार वारा, दातांत वारा,
दंवाचे शिंतोडे पोटऱ्यांवर,
कुठंतरी रातवा चक्क-चक्क करत होता तो
मागं, आणखी मागं,
वजन कुठं ठेवलं होतं ते आठवेना,
मी ओरडत होते की हसत होते
तेही आता नक्की सांगता येत नाही.

तेवढ्यात अंधारात चार पांढरे मोजे.
फक्त मोजे. गुडघ्यापर्यंत. उभे.
वरचा गवा मागाहून दिसला.
थांबायचं कसं, हे विचारायचं राहिलं होतं.
मी अंगच टाकलं, कुशीवर, कुड्याच्या झुडपात,
एक पट्टी सुटून एकटीच खाली गेली
त्याच्या खुरांपाशी.
त्यानं ती हुंगली.
भिरंडेल चाटलं बहुतेक.
मग एवढं मोठं धूड
फांदीही न मोडता
झाडांत मिसळून गेलं.

आम्ही हलण्याआधीच बॅटरी आली, पांढरी.
"यार्री अदू?"
गार्ड बसलिंग, कानटोपी, हातात काठी,
माझ्याएवढाच असेल.
"एन माडाक हत्तीरी?"
मामा उभा राहिला, पट्टी बंदुकीसारखी खांद्याला.
"जाराक हत्तेवि," म्हणाला. घसरतोय.
बसलिंगनं वही काढली. पेनाचं टोपण दातांत.
लाकूडतोड नाही, शिकार नाही, वणवा नाही.
रकाने संपले.
रात्री रानात यायचं नाही, हे तो बोलला,
कन्नडात एकदा, मराठीत एकदा,
दोन्ही वेळा वहीत बघत.
मग पट्टीच्या तळावरून अंगठा फिरवला
आणि अंगठ्याचा वास घेतला.

त्याचे बूट फासात बसेनात.
तो नुसता पट्ट्यांवर बसला, काठी मांडीवर आडवी,
आणि मामानं पाठीला हात लावला.
पंधरा-वीस हात गेला असेल.
तिथंच बसून राहिला, बॅटरी विझवून.
बराच वेळ कुणी बोललं नाही.
मग अंधारातूनच म्हणाला, घरी जावा आता.

वाट उतरताना मी मोज्यांतली कुसळं काढत होते,
मामा पुढं, लंगडत, पट्ट्या काखेत.
मला वाटलं, आता काही बर्फाचं सांगेल.
वाडीचे दिवे दिसेपर्यंत गप्प,
मग म्हणाला,
त्याचा बूट नऊ नंबर असेल,
की दहा?