बाक

भरमाण्णा सुतार मतदानाचे आडोसे करायचा.
सागवानी चौकट, वर गोणपाट,
आत एक माणूस मावेल एवढीच जागा.
खानापूरच्या स्टेशन रोडला त्याचं दुकान.
तिथं मी सातवीत असताना विचारलं होतं,
नागरिकशास्त्राचं पुस्तक काखेत धरून:
राज्यात नवा मुलूख आला
की सभागृहात बाक लांब करतात,
की माणसं सरकतात?

रंधा थांबला.
"थोडं लांब करतात.
मग सरका म्हणतात.
कडेला बसलेल्याचं अर्धं ढुंगण हवेत.
तो कडेचा म्हणजे आपण."

छप्पन्न सालचा नोव्हेंबर, पहिली तारीख.
आमदार होता तोच राहिला, खरं सभा बदलली.
गाडीबरोबर बैल विकावा
तसा तालुक्याबरोबर तोही गेला.
"फलाट तोच की.
फक्त पुण्याकडं तोंड करायचा, तो पाठ करून उभा.
त्याच्या लाकडी पेटीवर 'मुंबई' कोरलेलं होतं,
मीच कोरलेलं.
मीच तासलं. तीन आणे."

तिकडं तो उठून बोलला म्हणे
नंदगडच्या तळ्यातल्या गाळाविषयी,
मराठीत.
लघुलेखकानं कागदावर नुसते ठिपके दिले.
शेजारी बिदरचा, त्याच्या पलीकडं कोडगूचा,
तेही नवेच, तेही अंग चोरून बसलेले.
आणि जुने म्हैसूरवाले कुरकुरत होते:
आमचं एक मत होतं केवढं,
ताकात पाणी घालावं तसं पातळ केलं.

हे शेवटचं भरमाण्णा हसत सांगायचा.
का हसायचा, ते मला फार उशिरा कळलं.

आता मी मतदारयादी घेऊन दारोदार फिरते.
त्याची मल्लव्वा यादीत पुरुष झालीय,
वय एकशे चार.
"असू दे," म्हणते, "मत पडतंय न्हवं?"
चहाच्या टपरीवर टीव्ही ओरडतोय:
उत्तरेत माणसं वाढली,
दिल्लीत आपल्या जागा कमी होणार,
बेंगळुरू संतापलंय.
मी कप खाली ठेवला.
अगदी तोच सूर,
कडेला बसलेल्याचा.

दुकान गेलं. बाहेरचा बाक आहे अजून,
चार जणांचा, बसतात सहा.
सातवा आला. कुणी म्हणालं सरका,
कुणी म्हणालं सरी.
कानडीत त्याचा अर्थ ठीक आहे,
आणि सरक, असाही.

बाक करकरला.
सातवा बसला. पहिला उठून
उभ्यानंच बिडी पेटवू लागला.