शेरा

तक्त्यात दहा रकाने आहेत.
देश, साल, गट पहिला, गट दुसरा,
मृत, बेघर, जळालेली घरं,
तात्कालिक कारण, दूरचं कारण,
आणि शेवटचा, शेरा.

आकेच्या तिसऱ्या मजल्यावर
पंखा दोनवर ठेवून मी ते भरते.
आज सकाळपासून एकशे चौदा ओळी.
मृतांच्या आकड्यात तीन शून्यं आली
की हल्ली मी स्वल्पविराम तपासते. इतकंच.

तात्कालिक कारणं हसू यावं अशी:
विहिरीवरची बाचाबाची, फुटबॉलचा सामना,
चुकीच्या गल्लीत वळलेली वरात,
कुणाचा तरी रेडिओ.
दूरच्या कारणात जमीन. बहुतेक वेळा जमीन.
नाहीतर जनगणना.

दुपारी एक साक्ष आली,
भाषांतराचं भाषांतर होऊन.
म्हातारी म्हणते:
गोळ्या नंतर. आधी शेजारणीनं माझा वाडगा परत केला,
रिकामा.
चाळीस वर्षांत पहिल्यांदा.
तेव्हाच ट्रंक काढायला हवी होती मी.

उठले. पाणी प्यायले.
फळीवर नीलव्वाचा डबा.

शेंगांची पोळी घालून दिला होता तिनं,
शिमग्याच्या आदल्या दिवशी.
बुडाला ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं नाव,
मला न येणाऱ्या गोल गोल लिपीत.
मग खालची सायकल गेली.
मग बैठक झाली. शिरवईकरांनी बिस्किटं आणली.
सिल्वेस्त्रबाब म्हणाले,
आमी वायट न्हंय, पूण भायले ते भायले.
कागद फिरला.
पेन माझंच होतं.

माझे वडील बांद्याहून इथे आले
तेव्हा कुणी कागद फिरवला नव्हता.
की फिरवला होता,
आणि त्यांनी घरी सांगितलं नाही?

संध्याकाळी पोदेराचा भोंगा वाजला.
चार उंडे घेतले, डब्यात घातले,
झाकण लागेना.
दोन काढले.

जिन्याखालच्या खोलीला कुलूप.
नवं, पितळी, अजून किल्लीची सवय नसलेलं.
दोरीवर एक चिमटा, लहान मुलाचा मोजा धरून.
मागच्या कुंपणाला सायकल टेकलेली,
निळी, घंटी नसलेली,
आपणहून परत आल्यासारखी.

वर येऊन तक्ता उघडला.
मृत: शून्य.
बेघर: चार. तान्हं धरलं तर पाच.
जळालेली घरं: नाहीत.
गट पहिला भरता आला,
गट दुसऱ्यापाशी बोट थांबलं.
तसंही ही ओळ नियमात बसत नाही,
पंचविसाच्या आत नोंद घ्यायची नसते
असं पान चारवर स्पष्ट लिहिलंय.
पुसली.

कर्सर रिकाम्या चौकटीत
दाराशी उभ्या माणसासारखा
आत-बाहेर करतोय.

उंडे डब्यातच आहेत.
सकाळपर्यंत कडक होतील.