चाळीतली काळी बुरशी

लासलगावच्या कांदाचाळीतून आणलेल्या कांद्याच्या
दुसऱ्या पापुद्र्यावरून
बोरस्तेबाईंनी सुईच्या टोकावर उचलली
काजळीएवढी बुरशी.

काचेच्या बशीत तीन आठवडे ती नुसती पसरली.
साखर होती, ऊब होती,
कशाला बनवेल काही?
गुणसूत्रावर मांडीला मांडी लावून बसलेली जनुकं
गप्प.

मग चुकून बशीत पडला
मातीतला एक जिवाणू,
आणि रात्रीत अख्खी ओळ उठली:
एक विकर दोन-दोन कार्बन जोडत गेलं,
दुसऱ्यानं साखळी वळवून कडं केलं,
तिसऱ्यानं त्यावर ऑक्सिजन टाचला,
चौथं काय करतं
ते अजून कळलेलं नाही.

सकाळी दोघांमधल्या रिकाम्या जागेत
पिवळी रेघ.

भांडायला तरी कुणी हवं,
बाई म्हणाल्या,
आणि झाकणावर तारीख टाकली.