दोन चित्रं, एक पाय

मुंबई नाक्याच्या तळघरात आमचं यंत्र,
वर चपलांचं दुकान.
त्र्यंबक तांबट, वय एकोणसत्तर,
फॉर्मवर ‘अंगात धातू?’ या रकान्यापाशी अडले.
जन्मभर तांबंच ठोकलं, आत किती गेलं ते तुम्ही सांगा.
तांबं चुंबकाला चिकटत नाही, मी म्हटलं.
ते मला नका शिकवू, ते म्हणाले.

तक्रार अशी:
तांबट लेन ते रविवार कारंजा, पूर्वी एका दमात.
आता तीन थांबे.
सराफाचा ओटा, बंद पडलेली पिठाची गिरणी,
तिसरा नुसताच विजेचा खांब,
तिथे मोबाइल काढून बघत राहायचं,
म्हणजे पोटरी सुटेपर्यंत कुणी काही विचारत नाही.

क्रिएटिनिन दोन पूर्णांक एक.
म्हणून पहिली तपासणी औषधाविना.
या पद्धतीला फक्त वाहणं दिसतं.
जागचं न हलणारं सगळं आम्ही आधी विझवून टाकतो,
मग बाहेरून येणारं ताजं रक्त
त्या काळोखात उजळ उमटतं.
चाळीस मिनिटं. पाय हलवायचा नाही.
यंत्र ठोकायला लागलं.
बाहेर आल्यावर म्हणाले,
कारागीर नवखा दिसतोय,
ठोका एकसारखा पडतो, पण भांडं फिरवत नाही.

चित्रात डाव्या गुडघ्याच्या वर
चार बोटं काहीच नाही.
खाली पुन्हा रेघ, पांढरी, कुठून आली न सांगता.
पिंगळे मॅडम म्हणाल्या,
बंद म्हणायची घाई नको.
रक्त रेंगाळलं, भोवऱ्यात सापडलं,
तरी या चित्रात ते नसतंच.

किडनीच्या डॉक्टरांना फोन. थोडा डोस चालेल. मंगळवारी.

मंगळवारी दंडातून गॅडोलिनियम,
आणि टेबल त्याच्या मागे धावतं,
कंबर, मांडी, पोटरी.
इथे सगळा खेळ सेकंदांचा.
लवकर घ्या, चित्र कोरं.
उशिरा घ्या, परतीच्या शिराही उजळतात
आणि जाणारं कोण, येणारं कोण, कळत नाही.
पोटरीला मला उशीर झाला.
रिपोर्टात ‘शिरांची सरमिसळ’ एवढंच लिहितात.
माझं नाव लिहीत नाहीत.

पण गुडघ्याच्या वर, त्या चार बोटांत,
एक धागा होता. केसाएवढा.
बंद नव्हे, अरुंद.
म्हणजे कदाचित फुग्यावर भागेल, मांडी चिरायला नको.
पोटरीपुरतं मात्र
आधीचंच चित्र खरं धरलं.

दोन्ही पडद्यांवर शेजारी शेजारी लावून दाखवली.
त्यांनी चष्मा पुसला, बराच वेळ पाहिलं.
झारीची तोटी बुजली की आम्ही फुंकर मारतो, म्हणाले,
पलीकडे नखाएवढा वारा लागला
तरी झारी मोडीत टाकत नाही.
मग, जाता जाता:
पण हे दिसलं नसतं तर?

मी फाइल आवरत होते.
वर जायला अकरा पायऱ्या.
सहावीवर ते थांबले.
मीही मोबाइल काढला.