अकरा फेरे

जालन्याच्या मोंढ्यात माझं दुकान. पाणबुडी मोटारी,
जळक्या वार्निशचा वास, वजनकाट्यावर जुनं तांबं.
तिथं एलिया साळव्यांची रूथ आली.
आधी पदरानं काउंटर पुसला,
मग चादरीत गुंडाळलेलं ते ठेवलं.
म्हणाली, भाऊ, आवाजच येत नाही.
पुण्याचा एकजण घ्यायला तयार आहे, पण वाजली तर.
मी म्हणालो, बाई, मी मोटारी भरतो.
ती म्हणाली, हिच्यातही कॉईलच असते म्हणे.

गिटार.
कडेला करपलेली, आत आत पिवळी होत गेलेली,
तव्यावरच्या धपाट्यासारखी.
रेघारेघांचा पोलादी पत्रा,
जुन्या रेडिओला असायची तशी खटक्याची चार बटणं,
सूर हलवायचा एक वाकडा दांडा,
आणि मानेमागं, चार स्क्रूंच्या मधोमध
ठोकलेलं : मेड इन जपान.

हिला मी ओळखत होतो.
परतूरला ऑर्केस्ट्रा आला तेव्हा मी बारा वर्षांचा.
गाणारी पुढं, ढोलकी पुढं, उजेड सगळा त्यांच्यावर.
एलियामामा कडेला, खांबाजवळ.
आणि गाण्याच्या दोन ओळींत जी मोकळी जागा उरते
तेवढ्यात ही.
ओल्या वायरवरून ठिणगी चालत जावी
तशी कनातीवरून सरकायची.
शिट्ट्या मात्र गाण्याला.
मी घरी येऊन सायकलच्या ब्रेकची तार
खिडकीच्या गजांना ताणून बांधली होती.
वडलांनी सायकल ढकलत नेली, आणि परत येऊन मला धुतलं.

पत्रा काढला.
आत हळद, वाळल्या अक्षता, कुठल्या लग्नाच्या कोण जाणे,
आणि लाकडावर पेन्सिलीनं दोन अक्षरं.
एक छपराखाली कुणी उभं असल्यासारखं,
दुसरं नुसतं झाड.
नाव असेल. वार असेल. चहाला गेलो, असंही असेल.
ते मला वाचता येत नाही.
सोल्डर वाचता येतं.
एकेक सांधा हुरड्याच्या दाण्याएवढा, भरलेला, अजून चमकणारा.
हात बारीक असावा.
शेवटचा सांधा तेवढा जरा घाईत,
भोंगा वाजत आला असेल.

आणि कॉईल!
माझी तार हिच्यापुढं सुतळी.
कांद्याच्या सालीचा रंग, केसाहून बारीक,
चुंबकाभोवती सहा-सात हजार फेरे.
मीटर लावला, काटा ढिम्म.
भिंग घेऊन बसलो दुपारभर, पंखा बंद करून,
कारण वाऱ्यानंही तुटली असती.
सापडलं. वरच्याच थरात हिरवा टिपका.
घाम.
मामांच्या मनगटाचा, चाळीस मे महिन्यांचा.

धंदा सांगतो, कापा, फेका, नवं भरा.
मी श्वास धरून
अकरा फेरे उतरवले.
बाकीचे जसे होते तसे,
तिकडच्या त्या हाताचे.

मंडपवाल्या रशीदकडून अ‍ॅम्प्लिफायर मागून आणला.
मला वाजवता येत नाही. जाड तार अंगठ्यानं सोडली.
डब्यातले नट हलले.
समोरचा सरकीवाला माप धरून थांबला.
रूथ काही बोलली नाही.
वाकून तिनं दुसरं बटण खाली दाबलं,
हे नेहमी खाली असायचं, म्हणाली, आता छेडा.

छेडली.
तोच आवाज. कडेला उभा.

तेवढ्यात लाईट गेली.
तार तरी हलतच होती,
तिला कुणी सांगितलं नव्हतं.

पावती फाडली. छापील रकाने :
एच.पी., फेज, आर.पी.एम. तिन्ही रिकामे.
फेरे : उणे अकरा.
रुपये साठ.
पुण्याच्या माणसाचं मी विचारलं नाही,
तिनंही काढलं नाही.

तांबं मी शनिवारी विकतो, किलोवर.
ते अकरा फेरे काट्यावर ठेवून बघितले.
काटा हलला नाही.
मीटरच्या डबीत ठेवलेत.