उठवणारी

माझ्या हातात चौदा फुटी काठी.
टोकाला तारांचा झुपका.
वरच्या मजल्याच्या काचेवर तो खरवडायचा, बेतानं.
काच तडकता कामा नये
आणि शेजारच्या घराला फुकट जाग येता कामा नये,
त्याचे दोन पेनी मला मिळत नाहीत.

सत्तावीस साली एकशे बारा खिडक्या होत्या माझ्याकडे.
दाराजवळच्या पाटीवर खडूनं वेळ:
पावणेपाच. पाच. पाचला पाच कमी,
कारण मिसेस डिअर्डनला वेणी घालायला वेळ लागे.
पडदा हलला की पुढची खिडकी.
मग लोखंडी नाल मारलेल्या लाकडी तळांचे बूट
उतारावरून गिरणीकडे निघत,
आणि मी घरी येऊन
त्या आवाजात झोपी जाई.

गिरणी बंद पडली तेव्हा पाट्या कुणी पुसल्या नाहीत.
ते काम पावसानं केलं, सावकाश, चार महिने घेऊन.

माग लिलावात भंगाराच्या भावानं गेले.
विणकर बाया बेकारभत्त्याच्या रांगेत उभ्या राहतात
आणि अजून नुसत्या ओठांनी बोलतात, तोंडं मोठी करकरून,
जसं आठशे मागांच्या खडखडाटात बोलायच्या.
खिडकीमागचा कारकून वर बघतो.
त्याला वाटतं, त्याचीच टवाळी चाललीय.
कधी कधी असतेही.

बहीण फाइल्डच्या सपाटीवर दिलेली, गाईगुरांत.
तिचं पत्र येतं: दुधाला भाव नाही,
न्यायचं भाडंही सुटत नाही, डुकरांना पाजतोय.
मी ते पत्र वाचते
चहात डब्यातलं दूध ढवळत.
डब्यावर लिहिलंय, तान्ह्या मुलांना देऊ नये.
गल्लीत सगळे देतात.

तर आता एकच खिडकी.
ईनॉक थर्स्बी, जॉबर होता, बावीस वर्षं.
पाटीवर दर संध्याकाळी ताज्या खडूनं: साडेपाच.
कुठं जायचंय, मी विचारलं नाही.
शनिवारी दोन पेनी, वर्तमानपत्राच्या कपट्यात गुंडाळून,
जसे पूर्वी.

मग आमच्याकडे चौकशीवाला आला.
पलंग मोजले. घड्याळ उचलून पाहिलं.
मिसेस ऑर्मरॉड, तुमची कमाई?
दोन पेनी, मी म्हटलं. आठवड्याचे.
त्यानं ते लिहून घेतले,
आणि पुढच्या गुरुवारी माझ्या क्लिफर्डच्या भत्त्यातून
दोन पेनी बरोबर कापून आले.
सरकारचा हिशेब चोख.

मी ईनॉकला सांगितलं, पैसे नकोत.
तो काही बोलला नाही. त्या शनिवारी
माझ्या उंबऱ्यावर कोबीचा गड्डा,
बाहेरची पानं काढलेली, देठ धुतलेला.
कोबीबद्दल चौकशीवाल्याला काय सांगायचं
यावर मी आणि क्लिफर्ड अर्धी रात्र हसत होतो.

एक गोष्ट मी कुणाला सांगितली नाही.
ईनॉक आधीच जागा असतो.
मेणबत्तीचा उजेड असतो आत,
दाढी केलेली, बूट घातलेले, तो पलंगाच्या काठावर बसलेला.
मी तारा लावते.
मगच तो उठतो आणि पडदा हलवतो.

मार्चमध्ये एका रात्री पाटीवर सव्वाचार लिहिलेलं.
मी सव्वाचारला गेले.
पडदा हलला. दारही उघडलं.
बगलेत पुठ्ठ्याची पेटी, सुतळीनं बांधलेली.
माझ्याकडे बघून त्यानं नुसते ओठ हलवले,
गिरणीतल्यासारखे, बायको जागी होऊ नये म्हणून.
मला तो शब्द नीट कळला नाही.
कॉव्हेंट्री असेल. किंवा कोबी.
बूट वाजत गेले, उताराकडे नाही,
वर, टेकडीपलीकडच्या दक्षिणेच्या रस्त्याला.

दुसऱ्या दिवशीही मी त्याच वेळी गेले.
पाटी तशीच होती.
काठी वर नेली, काचेपासून वीतभर,
आणि धरून ठेवली
हात भरून येईपर्यंत.