डावीकडं

तीन वर्षं झाली, होडी डावीकडं वळंना.
कुणाला सांगितलं नाही आम्ही.
उजवीकडूनच मोठा फेरा घालून काठाला लागायचो,
जाळंही उजवीकडंच टाकायचो.
माशांना ते कळलंय,
हिरकणआत्या म्हणायची.

माजलगावहून इलाही मिस्त्री आला.
ट्रॅक्टरचा माणूस, पाण्याला भितो.
म्हणून मोटार सोडवून आम्हीच वर आणली,
बाभळीच्या बुंध्याला आवळली,
पंखा हवेत, शेपूट धरलेल्या घोरपडीसारखी.

त्यानं दांडी एकदा धरली. सोडली.
"जोर कोण लावत होतं?"
सगळेच, मी म्हणालो.
"मग बरोबर."

निपल काढलं. आत ग्रीस नव्हतंच,
मेणासारखं पिवळं काहीतरी,
कुणीतरी एकदा भरलेलं
आणि मग कुणीच न भरलेलं.
तारेनं कोरलं, डिझेल सोडलं.
हातोडा मी पुढं केला तर त्यानं तो
आपल्या मांडीखाली ठेवला.
आत्याचा स्टोव्ह मागितला, लोखंडाला शेक दिला,
बाळंतिणीच्या कंबरेला देतात तसा,
धग जवळ, पण टेकू न देता.
चहा झाला. पुन्हा डिझेल. पुन्हा शेक.
दुपारच्याला दांडी बोटभर हलली.
बोटभरच. तरी आत्या उठून उभी राहिली.

मग ग्रीस गन.
दाबलं, दाबलं, आणि खालच्या फटीतून
जुनं काळं बाहेर यायला लागलं, गांडुळासारखं, सावकाश.
"नवं दिसेस्तोवर थांबायचं न्हाई," मिस्त्री म्हणाला,
आणि पैसे घेताना
वर्षातून दोनदा, असं मला दोनदा सांगितलं.

संध्याकाळी पाण्यात घातली.
खांद्याला सवय जुन्याच जोराची;
दांडी ढकलली तशी होडी गर्रकन फिरली,
भाकरीचं फडकं पाण्यात,
आत्याच्या तोंडून माझ्या सात पिढ्या.
तिसऱ्या खेपेला हात सैल सोडला.
आणि गेलो. डावीकडं.

तिकडं पाणी उथळ, जरा हिरवं.
लांबून रोज दिसायचा तो खुंटा नव्हता,
हातपंप होता, धरणाच्या पाण्यात गळ्यापर्यंत बुडालेला,
दांडा वर करून गंजलेला,
त्याच्यावर एक पाणकावळा पंख वाळवत.

मी मोटार बंद केली.
आत्यानं हात लांब करून दांडा दाबून पाहिला.
हलला नाही.

"इलाहीला पव्हता येतं का रं?"
ती म्हणाली.